चार नंबरची कवटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

कवटीचा तळ गेला. बावीस वर्षं तो तास माझा होता.

सिद्दीकी मॅडमनी चहा संपता संपता सांगितलं. आवाज असा की जाता जाता खिडकी लावून घ्या म्हणावं. "कुलकर्णी साहब, इस साल स्कल बेस गोरे लेगी. आप छातीचं रिव्हिजन बघा." विचारलं, का. त्या शरीररचना विभागाच्या प्रमुख आहेत, सांगायला बांधील नव्हत्या, तरी सांगितलं. "आपका लेक्चर सुनने कू सेकंड इयर के बच्चे भी आके बैठते, मैं मानती. तालियां बजती. पण व्हायव्हात कवटी हातात दिली की फोरामेन ओव्हेल कुठंय ते एकाला दाखवता येत नाही."

गोरे, विभागातली लेक्चरर, तिथंच बसली होती, बशीतलं बिस्किट न खाता. मान खाली. मान खाली घालून बसणाऱ्यांचा मला फार पूर्वीपासून संशय आहे.

घरी येताना भाजी विसरलो. सु.नं विचारलं, काय झालं. म्हटलं, भाजी विसरलो.

५ फेब्रु., बुधवार

झोप झाली नाही म्हणून पहाटे उठून सगळं व्याख्यान मनातल्या मनात म्हटलं. कागद कधीच लागला नाही. पुढचा खळगा, मधला खळगा, मागचा खळगा. मधोमध कोंबड्याचा तुरा, त्याच्या दोन्ही अंगांना चाळणी, जिच्यातून वासाचे तंतू वर चढतात. तुर्की खोगीर, त्यावर बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. खोगिराच्या मागं उतरण, उतरणीच्या पायथ्याशी महारंध्र. हे शब्द मी रुजवले. लोक हसायचे, डॉक्टरकी मराठीत का होते म्हणून. मी म्हणायचो, शरीर आपलं आहे तर त्याचे पत्ते परक्या लिपीत कशाला. आजही म्हणतो. सभेत म्हणतो, वर्गात म्हणतो, लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं तर तिथंही.

आणि मध्यावर चार नंबरची गोष्ट. विभागात पंचवीस कवट्या, त्यात चार नंबर सगळ्यांत जुनी. नियम पहिल्या दिवसापासून एकच: छिद्रात पेन घालायचं नाही, पेन्सिल नाही, झाडूची काडी फक्त, तीही बोटानं वाकेल अशी. एका वर्षी एका मुलीनं हा नियम मोडला आणि लंबगोल छिद्राच्या, म्हणजे फोरामेन ओव्हेलच्या, आतल्या बाजूला, पुढं, नवीन भोक पाडलं. मी कवटी उंच धरायचो, भोकातून वर्गाकडं बघायचो आणि म्हणायचो, "ही कवटी इतक्या पिढ्यांच्या हातून सुखरूप निघाली. एका हुशार बोटाला ती एक तास पुरली नाही." दीडशे पोरं हसायची. हसून झालं की शांत व्हायची. त्या शांततेत पुढचा अर्धा तास मला हवं ते सांगता यायचं.

ती शांतता आता गोरेला मिळणार. तिला तिचं काय करायचं ते ठाऊक तरी आहे का?

१० फेब्रु., सोमवार

तिचा तास आज. लेक्चर थिएटरात घेतलाच नाही, डिसेक्शन हॉलमध्ये घेतला, तुकड्या पाडून. मी बाहेरून तीनदा गेलो. तिन्ही वेळा कामच होतं.

आवाज नाही. एवढी पोरं आणि आवाज नाही.

दुपारी कडुबाला विचारलं. कडुबा आमचा हॉलचा अटेंडंट, माझ्याही आधीपासून इथं. म्हणाला, "मॅडमनी फळ्यावर काय काढलं नाय सर. सहा जणांत एक कवटी दिली. एकेकाच्या हातात काडी दिली. म्हणल्या, डोळे मिटा."

"डोळे मिटा?"

"व्हय. म्हणल्या, आधी स्वतःच्या कानामागं दाबा, हाड लागतंय का. मग कवटीवर तेच हाड शोधा. मग तिथून आत चला."

"आणि पोरांनी मिटले?"

"मी बी मिटले." कडुबा हसला. "लई गंमत वाटली."

माझ्या व्याख्यानाला कडुबा बावीस वर्षं दाराशी उभा असतो. गंमत वाटली असं आजवर एकदाही म्हणाला नाही.

११ फेब्रु.

कॅन्टीनमध्ये मागच्या टेबलावर मुली बोलत होत्या. गोरेनं सांगितलंय की कवटीचा तळ म्हणजे डोंगरकडेची शेतं, तीन पायऱ्या, सगळ्यांत वरची पुढं, सगळ्यांत खालची मागं. आणि मधून जो उतार थेट महारंध्रात जातो तो घाट. "अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला येता ना, तस्सा."

ती फर्दापूरकडचीच. वडील मेंढ्या राखायचे, अजून राखतात म्हणे.

उतरण हा माझा शब्द. बावीस वर्षं मी उतरण म्हणालो, पोरांनी वहीत लिहून घेतला. तिनं घाट म्हटलं आणि त्यांना तो दिसला.

वर एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम म्हणाल्या, आधी हे सगळे शब्द कुलकर्णी सरांनी केलेत, ते पाठ करा." म्हणजे तिच्यावर चिडायचीसुद्धा सोय तिनं ठेवलेली नाही.

१३ फेब्रु., गुरुवार

आज एक मुलगा थेट केबिनमध्ये आला. नांदेडचा, चुणचुणीत, बोलण्यात भीड नाही.

"सर, चार नंबरमधलं भोक कुणी पाडलेलं नाही ना?"

"कोण म्हणतं?"

"गोरे मॅडम म्हणाल्या ते नैसर्गिक आहे. सगळ्यांना नसतं, काहींना एकाच बाजूला असतं. आतली शीर बाहेरच्या शिरांच्या जाळ्याला जोडणारी. पण सीनियर म्हणाले तुमची एक गोष्ट आहे. म्हणून म्हटलं, विचारावं."

त्याला सांगितलं, वर्गात मी शिकवलं तेव्हा तू शाळेत होतास. गेला. जाताना दार हळूच लावलं, त्यानं जास्त राग आला.

असं छिद्र असतं हे काय मला माहीत नाही? पुस्तकात आहे. मी स्वतः शिकवतो. पण हे ते नव्हे. हे काल नव्हतं आणि आज होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा तास घेतला ते घेतला, आता माझी गोष्टही घेतली.

१४ फेब्रु., शुक्रवार

चार नंबर भिंगाखाली धरली. दार लावून.

तुटलेलं हाड बोटाला टोचतं. कडा करकरीत असते, आतला स्पंज उघडा पडतो. इथं कडा गोल. गुळगुळीत. जिवंतपणी घडलेली कडा, शीर आत असताना हाडानं तिच्याभोवती हळूहळू धरलेली. आणि आत, भिंतीला, पिवळट काहीतरी चिकटलेलं. नखानं खरवडलं. वार्निश.

कडुबाला बोलावलं.

"दिवाळीच्या सुट्टीत आपण हाडांना वार्निश मारतो ना?"

"दर साल."

"छिद्रं बुजत नाहीत?"

"बारीक बुजतात की. मग मी काडीनं मोकळी करतो. हे चार नंबरचं तर दर साली बुजतं. यंदा बी मोकळं केलं."

"कडुबा, हे तुला किती वर्षं माहीत आहे?"

"पयल्यापासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही ईचारलं नाय सर. अन् तुमची ती गोष्ट पोरास्नी लई आवडती."

म्हणजे त्या वर्षी छिद्र बुजलेलं राहिलं. त्या मुलीच्या काडीनं वार्निशचा पडदा फुटला. बुजलेलं छिद्र हाताला सापडलं म्हणून तिला शाबासकी द्यायची, तर मी

पुरे.

१५ फेब्रु., शनिवार

मोडतोडीची वही काढली. त्या वर्षीचं पान. अक्षर माझंच, आजच्यापेक्षा फार ठळक.

"कवटी क्र. ४, मधला खळगा, उजवी बाजू, लंबगोल छिद्राजवळ भोक. विद्यार्थिनी: गोरे सविता. संपूर्ण वर्गासमोर समज दिली. व्याख्यान संपेपर्यंत उभे केले."

गोरे सविता. चार वर्षं झाली ती इथं नोकरीला लागून. समोरच्या केबिनमध्ये बसते, रोज नमस्कार करते. मी त्या मुलीनं पाडलेलं भोक बावीस वर्षांतल्या कितीतरी वर्गांना दाखवलं, आणि चेहरा मात्र मला आठवत नाही. आत्ताही आठवून पाहिला, तिचा आजचाच येतो.

सु.ला सांगितलं नाही.

२० फेब्रु., गुरुवार

पाच दिवस टाळलं. आज तिच्या केबिनमध्ये गेलो. खरं लिहायचं तर माफी मागायला गेलो नव्हतो. सुरुवात अशी केली:

"तुम्ही चार नंबरबद्दल वर्गात जे बोललात ते मला आधी सांगायला हवं होतं."

"सर, मी तुमचं नाव घेतलं नाही."

"गोष्ट कुणाची आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

"हो," ती म्हणाली. "मलाही."

मग मी म्हणालो, वही पाहिली. ती उठून उभी राहिली. का उठली कळलं नाही, बहुधा सवय. मी बसा म्हटलं, मग दोघंही बसलो.

विचारलं, तेव्हा का नाही बोललात. म्हणाली, "मला काय माहीत होतं सर? मलाही वाटलं मीच फोडली. काडी आत गेली, कट् झालं आणि तुम्ही मागं उभे. घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, माणसाचं हाड मोडलंस, आता नीट शिक, फेड होईल. पुढं पीजीला असताना दुसऱ्या कवटीत तसंच छिद्र पाहिलं, तेव्हा कळलं."

"मग इथं आल्यावर?"

"इथं आल्यावर तुमचं व्याख्यान ऐकायला बसले होते, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तुम्ही गोष्ट सांगितलीत. सगळे हसले. मी पण हसले." मग म्हणाली, "सर, फार छान सांगता तुम्ही."

यात टोमणा नव्हता. मी शोधला.

निघताना म्हणाली, तेव्हापासून कवटीला हात लावायची इतकी भीती बसली की आधी बोटानं चाचपल्याशिवाय काडी घातली नाही कधी. त्यातूनच ही पद्धत सुचली.

जिना उतरताना मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे तिचा हात माझ्यामुळं. तिची पद्धत माझ्या रागातून निघाली. आणि मला बरं वाटलं. हे लिहून ठेवतोय, कारण नाही लिहिलं तर उद्या मी ते उदात्त करून टाकीन.

२१ फेब्रु.

सु.ला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती, हात थांबला नाही.

"मग माफी मागितलीत?"

"विषय झाला."

"विषय झाला म्हणजे तिनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलं. माफी मागितलीत का?"

मी मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतली. ती म्हणाली, "तुम्हाला दोन हजार माणसांसमोर बोलता येतं, एकीसमोर येत नाही."

२७ फेब्रु., गुरुवार

मराठी दिन. वाचनालयात भाषण. जागा भरून लोक मागं उभे. शास्त्र आपल्या भाषेत का, यावर पाऊण तास. आज आवाज लागला होता. म्हणालो, ज्या भाषेत आई पोराच्या डोक्यावरची टाळू भरते त्या भाषेत त्या टाळूचं शास्त्र सांगता येत नसेल तर कमी भाषेत नाही, आपल्यात आहे. टाळ्या. म्हातारे उठून भेटायला आले.

गोरे शेवटच्या रांगेत होती. शेजारी पागोटं घातलेले एक वयस्क गृहस्थ, मांडीवर घोंगडी. वडील. ओळख करून दिली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "सायेब, लई ग्वाड बोलता. पोरगी सांगायची घरी, तुमच्यावानी बोलणारं कुणी नाय." मग म्हणाले, "मेंढरू कापलं की डोस्कं तिच्याकडं द्यायचो आम्ही. ही त्यातली भोकं मोजत बसायची. आय वरडायची, मुंडी चुलीवर घालायची हाय."

म्हणजे तिचा हात माझ्यामुळं नाही. तो आधीच होता. दोनशे टाळ्या झाल्या होत्या, आणि बाहेर पडून, घराचं वळण मागं टाकून, मुकुंदवाडीपर्यंत मी गाडी नेली तरी त्यांतली एकही माझ्यासोबत नव्हती. वळून पुंडलिकनगरला घरी.

५ मार्च, बुधवार

अंतर्गत परीक्षा. व्हायव्हाला मॅडम आणि मी. मी मुद्दाम कवटी उलटी हातात देत होतो. तळ वर आला की उजवं-डावं फिरतं आणि निम्मी पोरं तिथंच गळतात, दर वर्षी.

पहिली मुलगी. कवटी घेतली, डोळे मिटले. मी म्हटलं, झोप आली का. म्हणाली, "नाही सर, बाजू बघते." अंगठ्यानं कानामागचा उंचवटा धरला, दुसरं बोट सरकवलं. "उजवा लंबगोल. इथून खालच्या जबड्याची नस जाते. त्याच्या मागं, बाहेरच्या बाजूला काट्याचं छिद्र, धमनी." काडी घातली. काडी वाकली, मोडली नाही.

मी आडवळणाचं विचारलं. चेहऱ्याच्या कळा थांबवायला सर्जन गालातून सुई घालतो, ती कुठं जाते? तेही सांगितलं. आणि न विचारता: "चार नंबरसारखं जादा छिद्र असेल तर सुई चुकून त्यात जाऊ शकते, म्हणून ते माहीत पाहिजे."

बत्तीस पोरं तपासली. एकोणतीस जणांना ओव्हेल सापडलं. मॅडमनी माझ्यापुढं गुणपत्रिका सरकवली, सही करायला.

माझ्या बावीस वर्षांच्या टाळ्यांत अशी एकोणतीस पोरं कधी होती का? आठवत नाही. टाळ्या आठवतात.

७ मार्च, शुक्रवार

मॅडमनी बोलावलं. सोमवारी सगळ्या बॅचची एकत्र उजळणी, मोठ्या थिएटरात. "इतने बच्चों में कवट्या फिरवता येणार नाहीत. वहां आवाज लगती. कवटीचा तळ आप लो."

हो म्हणालो. इतक्या पटकन की त्याही हसल्या.

चार नंबरचं काय करायचं? वगळलं तर पोरं विचारतील. तीच गोष्ट सांगितली तर खोटं. खरं सांगितलं तर

गोरेला विचारायला तिच्या दारापर्यंत गेलो. ती एका मुलीला काही दाखवत होती. परत आलो. उद्या विचारीन.

८ मार्च

तिची सुट्टी.

१० मार्च, सोमवार

सांगितलं.

कवटी उंच धरली, भोकातून वर्गाकडं पाहिलं आणि जुनीच सुरुवात केली. पोरं हसायला तयार. मग म्हणालो, आता ही गोष्ट मी शेवटची सांगतो, कारण ती खोटी आहे. वार्निश सांगितलं. काडी सांगितली. उभं केलेली मुलगी सांगितली. म्हणालो, मी इतकी वर्षं तुम्हाला शिकवलं की हाताळण्याआधी बघा. मी बघितलं आणि हाताळलं नाही. जिला छिद्र सापडलं तिला मी गुन्हेगार ठरवलं. आवाज माझ्या ताब्यात होता, शेवटी शेवटी राहिला नाही. आणि मग, हे ठरवलेलं नव्हतं, म्हणालो: "ती मुलगी आज तुम्हाला शिकवते."

दीडशे डोकी एकाच वेळी वळली. गोरे डाव्या दारापाशी उभी होती.

आणि टाळ्या. इतक्या मला आजवर मिळालेल्या नाहीत. पोरं उभी राहिली. मॅडमसुद्धा.

संपल्यावर गोरेकडं गेलो. म्हटलं, माफ करा, हे फार आधी व्हायला हवं होतं. ती म्हणाली, "ठीक आहे सर." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं. मी इथं डॉक्टर गोरे होते. आता मी ती उभी केलेली मुलगी आहे. एवढ्यात तीन पोरांनी विचारलं, मॅडम, रडला होतात का."

म्हटलं, माझा हेतू

"माहीत आहे सर," ती म्हणाली. "तुम्ही छानच बोललात."

१२ मार्च

कुठंही जातो तर तेच. लायब्ररीत, कॅन्टीनमध्ये. सर, काय बोललात. सर, डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी मोबाइलवर घेतलंय म्हणे, फिरतंय. सर्जरीच्या एकानं हात मिळवून म्हटलं, असं कबूल करायला छाती लागते.

तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बोलतात ते "बिचारी".

मला तिचा मत्सर वाटत होता हे मागच्या पानांतून दिसतंच. आता लोक मला मोठं म्हणतात आणि तिला बिचारी, तरीही तो गेलेला नाही. उलट वाढलाय. कारण काल डिसेक्शन हॉलवरून जाताना आत पाहिलं. सहा पोरं एका कवटीभोवती डोळे मिटून बसलेली, आणि ती त्यांच्यात उभी, स्वतःचेही डोळे मिटून. माझ्याकडं बघायला तिथं एकाचेही डोळे उघडे नव्हते.

१५ मार्च, शनिवार

मॅडमचा निरोप, शिपायाहाती, पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकाच्या कच्च्या कागदासोबत. "साहब, आप सीनियर हो, नावं तुम्हीच भरा. स्कल बेस का आप का जो दिल बोले. बच्चे तो आप को मांग रहे."

म्हणजे तास परत आला. मागितला असता तर मिळाला नसता, तो बोलून मिळाला.

१६ मार्च, रविवार

सकाळी बसलो. छाती, पोट, हात, पाय, सगळी नावं भरली. मेंदू मॅडमना. कवटीचा तळ ठेवला शेवटी.

गोरेला फोन करून विचारता येईल. पण काय विचारायचं? तुम्हाला हवा आहे का, असं विचारलं तर ती म्हणेल, सर तुम्ही घ्या. ती तसंच म्हणेल, आणि मी ते मान्य करीन, आणि दोघांनाही कळेल की मी विचारलं ते ती तसं म्हणावी म्हणून. न विचारता तिचं नाव लिहिलं तर पुन्हा तिच्याबाबत मीच ठरवलं. न विचारता माझं लिहिलं तर

माझा आवाज अजून दहा वर्षं टिकेल. निवृत्तीला तीन राहिलीत. तीन व्याख्यानं.

सु. चहा घेऊन आली. वाकून कागद पाहिला. "झालं का?"

"एक तास राहिलाय."

"कुणाला देताय?"

"बघू."

ती कप ठेवून गेली. पेन्सिल माझ्या हातात आहे. चहा निवला. मॅडमना कागद उद्या दहाला हवाय.